आमच्या वेळेला सिनेमा लावा: मल्टिप्लेक्स चालकांना एका प्रेक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मल्टिप्लेक्सचे चालक आणि खेळांच्या वेळा ठरवणारी मंडळी
(प्रत माहितीसाठी: सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन)

सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत मी सरलेल्या वर्षातल्या आवडत्या मराठी सिनेमांची यादी करते. वीसेक वर्षांचा नेम आहे. दोनशे पानी वहीत सिनेमाचं नाव, तारीख, कुणाबरोबर पाहिला आणि चार ओळी. 2025 ची यादी करायला वही उघडली तेव्हा दिसलं, की या वर्षी बऱ्याच नावांपुढे मी आणखी काहीतरी लिहून ठेवलंय. ‘अर्धी रजा.’ ‘पुण्याला जाऊन.’ ‘रात्री 10.50, बाबांना नेता आलं नाही.’ ‘शो रद्द.’ एका नावापुढे तर नुसतंच ‘उतरला.’ सिनेमांची यादी वाचता वाचता माझे रजेचे अर्जच डोळ्यांपुढे यायला लागले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी करते. बँक सकाळी दहाला उघडते, कॅश जुळवून बाहेर पडायला सहा वाजतात. सुट्टी रविवारी, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. घरी वडील आहेत, वय एक्याऐंशी. सिनेमाचं वेड त्यांच्याकडूनच आलं. जत्रेत तंबू लागला की ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. दिवसभर काम करून संध्याकाळी दोन-अडीच तास सिनेमा बघावा, एवढीच माझी मागणी असते. माझ्यासारखे लोक हाच तुमचा मोठा गिऱ्हाईक वर्ग आहे, असं मला वाटतं.

2025 हे मराठी सिनेमासाठी भरलेलं वर्ष होतं, हे आधी सांगते. मी कुरकुर करायला बसलेली नाही, मला या सिनेमांनी फार दिलंय.

मार्चच्या 7 तारखेला ‘स्थळ’ आला. जयंत सोमलकर यांचा. टोरंटोच्या महोत्सवात तो 2023 मध्येच गौरवला गेला होता, आपल्याकडे यायला दीड वर्ष लागलं. चंद्रपूरकडच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, सविता. तिला शिकायचंय आणि घरात एकामागून एक ‘बघायला’ येणारे पुरुष. तोच स्टूल, तेच पोहे, तेच प्रश्न. काम करणारी बहुतेक माणसं गावातलीच, त्यामुळे कुणी अभिनय करतंय असं वाटतच नाही. आमच्या गावात त्याला एकच खेळ मिळाला होता, सकाळी 9.15 चा. मार्च एंड चालू असताना बँकेत अर्धी रजा मागणं म्हणजे काय, हे बँकेत काम करणाऱ्यालाच कळेल. तरी घेतली. आम्ही पाच जण होतो. पुढच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली. सिनेमा संपला, दिवे लागले, नावं वर सरकत राहिली, सफाईवाला झाडू घेऊन आत आला, तरी त्या दोघी उठल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा एक म्हणाली, “ताई, रविवारी माझा कार्यक्रम आहे.” मला आधी कळलंच नाही कसला. मग कळलं, बघण्याचा. तिच्या आईला हा सिनेमा दाखवायची तिची फार इच्छा होती. आई शेतमजूर, सकाळी नऊला तिला कोण सोडणार? शुक्रवारी सिनेमा उतरला.

साडेसहाचा एक खेळ असता तर ती आई आली असती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिला यायची संधीच मिळाली नाही, हे नक्की सांगू शकते.

1 मेला शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय!’ आला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, त्याची गोष्ट. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, संध्याकाळचा खेळ होता, तो मी पाहिला आणि हॉल भरलेला होता. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांना एरवी आपण हसवताना पाहतो, इथे ते हसवता हसवता रडवतात. दुसऱ्या दिवशी बँकेत आमच्या शिपाई मामांना सांगितलं, मामा, हा बघाच. मामांनी स्वतः 17 नंबरचा फॉर्म भरून, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दहावी दिलेली आहे. गणितात दोनदा राहिले, तिसऱ्यांदा सुटले. त्यांच्या आयुष्यावर कुणी सिनेमा काढलाय, हे ऐकून ते दिवसभर हसत होते.

पुढच्या आठवड्यात खेळ होता दुपारी 12.15 चा. त्या वेळी मामा चेक घेऊन क्लिअरिंगच्या कामात. रविवारी खेळ रात्री 10.50 चा. मामा चौदा किलोमीटरवरच्या गावात राहतात, शेवटची एसटी साडेनऊची. शेवटी काही महिन्यांनी त्यांनी तो नातवाच्या मोबाइलवर लावला. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाले, “चांगला होता मॅडम, पण मधेच फोन आला, मग राहिलाच तो.”

‘गुलकंद’ही 1 मेलाच आला. हसून घेतलं भरपूर. ‘एप्रिल मे 99’ मध्ये कोकणातली मोबाइल नसलेली सुट्टी होती. ‘जारण’ला मात्र मी मैत्रिणींना दोनदा घेऊन गेले. अमृता सुभाष या बाईने त्यात जे केलंय, ते पाहून रात्री नीट झोप लागली नाही. तोही हळूहळू लोकांच्या तोंडून पसरला आणि चालला. या तिघांवर जास्त लिहीत नाही, कारण ते मला सरळपणे बघायला मिळाले. तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

12 सप्टेंबरला तर एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. ही चूक तुमची नाही, निर्मात्यांची आहे, त्यांच्याशीही खाली बोलणार आहे. आम्ही ‘दशावतार’ निवडला, बाबांमुळे. दिलीप प्रभावळकर आणि बाबा एकाच वर्षीचे, 1944 चे. दुसरा शनिवार होता, संध्याकाळी 6.45 चा खेळ. बाबांना गुडघ्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून शेवटच्या रांगेऐवजी दाराजवळची जागा घेतली. बाबुली मेस्त्री हा नजर जात चाललेला म्हातारा कलावंत रंगमंचावर उभा राहतो तेव्हा बाबांनी माझा हात धरला, तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “या वयात पाण्यात, जंगलात... काय माणूस आहे हा.” खाणीसाठी डोंगर पोखरायला आलेल्यांची गोष्ट आणि गावातल्या देवळाच्या मांडावर रात्रभर चालणारा दशावतार, हे दोन्ही सुबोध खानोलकर यांनी एकत्र गुंफलंय. शेवट थोडा लांबला असं मला वाटतं, पण बाबांना ते मान्य नाही.

त्या दिवशी हॉल भरलेला होता. मालवणी कुटुंबं होती, आज्या होत्या, मांडीवर पोरं होती. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळचे खेळ कमी झाले नाहीत, वाढले. मी हे मुद्दाम लिहिते आहे. त्या वेळी तुम्ही लोकांचं ऐकलंत, आणि लोकही आले. म्हणजे हे जमतं.

त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, 19 सप्टेंबरला, ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. मराठी सिनेमासाठी केवढी मोठी गोष्ट! आमच्या जिल्ह्यात त्याला एकही पडदा मिळाला नाही. रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. सकाळी स्वयंपाक केला, गच्चीत पान ठेवलं, कावळा शिवला, आणि दुपारची स्वारगेटची विनाथांबा पकडली. पुण्यात संध्याकाळचा खेळ. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि बालपणीचा मित्र बाळ्या. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही. एक माणूस दुसऱ्यासाठी माळावरून काटेरी साबराची लाल फळं शोधून आणतो, एवढ्यात सगळं येतं. आनंदची आई सगळं ओळखून आहे आणि ती मुलाच्या बाजूने उभी आहे. सकाळीच घरी आईच्या नावाने पान ठेवून आले होते, त्यामुळे असेल, पण त्या आईसाठी मी परतीच्या बसमध्ये खूप रडले. रात्री पावणेबाराला घरी पोहोचले. माझ्या यादीत 2025 चा पहिला नंबर याचाच.

पण मी अर्ध्या तिकिटात एसटीने जाऊ शकते, मला घरी अडवणारं कुणी नाही. आमच्या गल्लीत असा एखादा आनंद असेल, ज्याने हा सिनेमा बघायला हवा होता, त्याने काय सांगून पुण्याला जायचं होतं?

आणि आता ‘गोंधळ’. संतोष डावखर यांचा. माझ्या वहीत या नावापुढे नुसतं ‘शो रद्द’ आहे, चार ओळींची जागा कोरी आहे. 14 नोव्हेंबरला आला. आमच्याकडे दुपारी एकचा एक खेळ. बुधवारी अर्धी रजा टाकून, मोबाइलवर तिकीट काढून गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “मॅडम, तीनच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल आहे. पैसे पाच-सात दिवसांत येतील.” मी म्हटलं, आणखी किती लागतात? मी काढते. तो खरंच चांगला मुलगा होता, त्याने आत फोन लावून विचारलं. “सिस्टिममधून गेला मॅडम तो.” पाठीमागे एक आजोबा उभे होते, धोतर-टोपीतले, तेही त्याच खेळाला आलेले. म्हणाले, “आमच्यात गोंधळ घालतात, म्हणून आलतो बघायला.” संबळ वाजवणाऱ्या घरातला माणूस गोंधळावरचा सिनेमा बघायला तिकीट काढून आला होता आणि त्याला परत पाठवलं गेलं. मी त्यांना चहा दिला, आणखी काय करणार होते?

28 नोव्हेंबरला गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सांगतेला याच सिनेमासाठी डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. रात्री बातमी वाचली आणि लगेच मोबाइलवर खेळ शोधले. आमच्या जिल्ह्यात एकही नव्हता.

हे सगळं सांगितलं ते माझं म्हणणं नीट कळावं म्हणून. आता ते एकेक करून मांडते.

पहिली तक्रार वेळेची. नोकरदार, शेतकरी, दुकानदार, विद्यार्थी, यातल्या कुणालाही कामाच्या दिवशी सकाळी सव्वानऊला किंवा दुपारी सव्वाबाराला सिनेमा बघता येत नाही. रिकाम्या वेळी खेळ लावायचा, तो रिकामा गेला की त्याच आकड्यांवरून “मराठीला प्रेक्षक नाही” असं ठरवायचं आणि सोमवारी खेळ कमी करायचे, हा हिशोबच चुकीचा आहे. ‘दशावतार’ला जे मिळालं ते ‘स्थळ’ला मिळालं असतं तर तो तितकाच चालला असता, असं मी म्हणत नाही. पण परीक्षेला बसू तरी द्या.

दुसरी तक्रार रद्द होणाऱ्या खेळांची. तिकीट विकलंत म्हणजे शब्द दिलात. गिऱ्हाईक रजा टाकून, रिक्षा करून दारात आलं की त्याला पैसे परत मिळतील म्हणणं पुरेसं नाही. माझी रजा परत मिळत नाही.

तिसरी, बुकिंगची. शुक्रवारच्या खेळांच्या वेळा गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळत नाहीत. ज्या सिनेमाची जाहिरात महिनाभर चालते त्याचं बुकिंग आठवडाभर आधी उघडतं, आणि ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, ज्याला लोकांनी एकमेकांना सांगण्याचाच आधार आहे, त्याची वेळ सगळ्यात शेवटी कळते. आमच्या बँकेतल्या बायकांचा ग्रुप आहे, माझ्याबरोबर पंधरा जणी येतात. आदल्या रात्री पंधरा जणींची जमवाजमव होत नाही.

आणि चौथी, सिनेमा टिकू न देण्याची. ज्या सिनेमाचं नाव तोंडोतोंडी पसरतं त्याला दहा-बारा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यानंतर तिकिटाच्या पैशात वितरकाचा वाटा उतरतो आणि तुमचा वाढतो, ही या धंद्याची जुनी पद्धत आहे. मग दुसऱ्या आठवड्यात चालू शकणारा सिनेमा ठेवणं तुमच्याही फायद्याचं नाही का?

शासनाला थोडं सांगायचं आहे. 2001 मध्ये मल्टिप्लेक्स उभी राहावीत म्हणून राज्याने करमणूक करात मोठी सवलत दिली. तो जनतेचा पैसा होता. 2015 च्या एप्रिलमध्ये मराठी सिनेमाला संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत खेळ देणं बंधनकारक करण्याचं जाहीर झालं, आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंदावली. त्यामुळे बुधवारी दुपारी सव्वाबाराचा खेळही नियमात बसतो! गेल्या जुलैत ‘येरे येरे पैसा 3’चे खेळ एका गाजणाऱ्या हिंदी सिनेमासाठी कमी झाले तेव्हा पक्षांनी आवाज उठवला, बैठका झाल्या. मला काचा फुटण्याच्या भीतीने लागलेला सिनेमा नको आहे. त्यात काउंटरवरच्या त्या पोराचंच नुकसान होतं. मला नियम हवा आहे, आणि तो पाळला जातोय की नाही हे कळायला हवं आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही बँकेत पेढे वाटले होते. त्या भाषेतला सिनेमा तिच्याच राज्यातल्या जिल्ह्याच्या गावी संध्याकाळी दिसावा, हे मागणं मोठं नाही.

आणि निर्मात्यांनो, एका शुक्रवारी तीन सिनेमे लावू नका. आमच्याकडे घरखर्चातून सिनेमाला काढायला महिन्याकाठी ठरलेलेच पैसे असतात. तुम्ही एकमेकांचेच प्रेक्षक खाता. ‘आरपार’ माझा राहिलाच.

मागण्या अशा:

1. प्रत्येक नव्या मराठी सिनेमाला तो जिथे लागेल तिथे पहिले सात दिवस संध्याकाळी 6 ते 8 च्या दरम्यान सुरू होणारा किमान एक खेळ द्या. सगळ्यात लहान पडदा दिलात तरी चालेल.

2. एकही तिकीट विकलं गेलं असेल तर खेळ रद्द करू नका. करायचाच असेल तर किमान चार तास आधी कळवा, आणि पैशांबरोबर त्याच सिनेमाच्या दुसऱ्या खेळाचं तिकीट द्या.

3. मराठी सिनेमाचं बुकिंग बुधवारी सकाळी उघडा.

4. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा, पुरस्कार जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एक शनिवार-रविवार पुन्हा लावा. ‘गोंधळ’पासून सुरुवात करा.

5. आठवड्यातून एक दिवस मराठी सिनेमाचं तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर गेलं की 18. म्हणजे कर कमी लागून गिऱ्हाईक वाढेल.

6. शासनाने ‘बारा ते नऊ’ची वेळ पुन्हा ‘सहा ते नऊ’ करावी, आणि कोणत्या मल्टिप्लेक्सने कोणत्या महिन्यात मराठीला किती आणि किती वाजताचे खेळ दिले, याचा तक्ता दर महिन्याला जाहीर करावा. जिथे मल्टिप्लेक्स पोहोचलेलं नाही त्या तालुक्यांत नगरपालिकांची नाट्यगृहं सिनेमासाठी खुली करावीत.

आमच्या गावातल्या मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकांना हे पत्र मी स्वतः नेऊन देणार आहे. सोबत एक यादी जोडते आहे: बँकेतल्या पंधरा जणी, शिपाई मामा आणि त्यांच्या घरची चार माणसं, बाबा, त्यांच्या कट्ट्यावरचे सहा मित्र आणि ते गोंधळी आजोबा, ज्यांचा फोन नंबर मी त्या दिवशी चहा पिताना घेतला होता. अठ्ठावीस नावं होतात, एकोणतिसावी मी. ‘गोंधळ’चा एक खेळ कुठल्याही रविवारी संध्याकाळी साडेसहाला लावा. तिकिटांचे पैसे मी आगाऊ भरते. दाराजवळच्या दोन जागा मात्र बाबांसाठी आणि आजोबांसाठी राखून ठेवा.

आपली,
एक नियमित प्रेक्षक